मारुती ८०० चा कार्बोरेटर घरी सेट करायचा तर

प्रश्न अमळनेरहून आलाय. घरी १९९७ ची मारुती ८०० आहे, वडिलांच्या हातची, कार्बोरेटरवाली (कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग). रेल्वे फाटकावर उभी राहिली की आयडलला (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना) थरथरते, कधी बंदही पडते. दुपारच्या उन्हात धरणगाव-पाळधीमार्गे जळगावला नेली आणि थोडा वेळ उभी केली की पुन्हा चालू व्हायला कुरकुर करते. अ‍ॅव्हरेजही पडलंय. कुणीतरी सांगितलं, "कार्बोरेटरचा स्क्रू थोडा आवळ, सगळं ठीक होईल." हे घरी जमेल का आणि जमलं तर कसं, असं विचारलंय.

जमेल. पेचकस, प्लगपाना, फीलर गेज आणि एक निवांत सकाळ एवढ्यावर होणारं काम आहे. पण तुमच्या प्रश्नात तीन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यातली फार तर एक त्या स्क्रूने सुटेल. तो स्क्रू, म्हणजे मिक्श्चर स्क्रू, फक्त आयडलचं मिश्रण बघतो. गाडी साठच्या स्पीडने चाललेली असते तेव्हा पेट्रोल मेन जेटमधून (जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोकाचं पितळी तोंड) येत असतं. त्या वेळी हा स्क्रू अर्धा फेरा आत असला काय नि बाहेर असला काय, इंजिनाला पत्ताही लागत नाही. म्हणून अ‍ॅव्हरेज वाढावं म्हणून स्क्रू आवळणं हा निव्वळ गैरसमज. अ‍ॅव्हरेज तेवढंच राहतं, वर गाडी फाटकावर जास्त बंद पडते.

आमच्याकडे गॅरेजला येणाऱ्या कार्बोरेटरच्या गाड्यांत खरा दोष बहुतेक वेळा करंटचा, म्हणजे प्लगच्या ठिणगीचा, किंवा हवेच्या गळतीचा निघतो. कार्बोरेटर समोर दिसतो, त्याला स्क्रू आहेत, म्हणून सगळे आधी त्यालाच पिळतात. तेव्हा पेचकस बाजूला ठेवा आणि आधी प्लग काढा. तिन्ही प्लग काढून ओळीने फडक्यावर मांडा, कुठला कुठल्या सिलिंडरचा ते लक्षात ठेवून. विटकरी-तपकिरी रंग असेल तर ठीक. कोरडी काजळी असेल तर मिश्रण रिच आहे, म्हणजे पेट्रोल जास्त, किंवा करंट कमजोर आहे. पांढराफटक असेल तर लीन, म्हणजे पेट्रोल कमी. एकच काळा आणि बाकी दोन चांगले असतील, तर कार्बोरेटरला दोष देऊच नका, कारण तो तिघांनाही एकच मिश्रण पाजतो. तो एक सिलिंडर बघा: त्याची वायर, त्याचा टॅपेट (व्हॉल्व्हची फट), त्याचं कॉम्प्रेशन. प्लगचा गॅप ०.७ ते ०.८ मिमी ठेवा. तुमच्या गाडीच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंट (ठिणगीसाठी करंट तोडणारे संपर्क) असतील तर त्यांचा गॅप ०.४ ते ०.५ मिमी, आणि पॉइंटच्या तोंडाला खड्डा पडला असेल तर घासत बसू नका, नवीन टाका. गॅप बदलला की टायमिंगही, म्हणजे ठिणगीची वेळ, सरकतं, ते पुन्हा बघायला लागतं. टॅपेट शेवटचे कधी बघितले ते आठवत नसेल तर तेही आत्ताच. टाइट टॅपेटची गाडी पळताना कळत नाही, आयडलला मात्र हमखास थरथरते.

मग हवेची गळती. कार्बोरेटरखालचं पॅकिंग, मॅनिफोल्डचा (कार्बोरेटरपासून इंजिनात मिश्रण नेणाऱ्या भागाचा) जोड, डिस्ट्रिब्युटरला जाणारी बारीक व्हॅक्यूमची नळी, टॅपेट कव्हरवरून येणारी नळी. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचं रबर आपल्याकडच्या उन्हात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. नळी दुमडून बघा, भेगा दिसतील. इंजिन आयडलला ठेवून कपड्यांच्या इस्त्रीला वापरतात तसल्या बाटलीने जोडांवर पाण्याचा बारीक फवारा मारा, डिस्ट्रिब्युटरची कॅप सोडून. फवारा पडल्याबरोबर इंजिनाचा सूर बदलला तर गळती तिथेच आहे. काही जण हेच काम पेट्रोलने किंवा कार्ब क्लीनरच्या स्प्रेने करतात. तापलेल्या मॅनिफोल्डवर तसलं काही उडवायचं नाही. पाण्याने तेच कळतं आणि आगीची भीती नाही.

एअर क्लीनर उघडलाच आहे तर फिल्टर बघून घ्या. अमळनेर, धरणगाव, जळगाव हा जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांचा, पट्टा. कापसाच्या सीझनमध्ये जिनिंगजवळ गाडी लागत असेल तर फिल्टरच्या घड्यांत रुईचा पातळ थर बसतो. वरवर फिल्टर काळा दिसत नाही म्हणून लोक तोच पुन्हा टाकतात, पण हवा अडलेली असते, मिश्रण रिच होतं आणि अ‍ॅव्हरेज तिथे जातं. आतून बाहेर हलकी हवा मारा. तेवढ्याने साफ होत नसेल तर बदला. कागदी फिल्टर पेट्रोलमध्ये धुवायचा नसतो.

आता कार्बोरेटर. आधी फ्लोटची पातळी, म्हणजे कार्बोरेटरच्या छोट्या कप्प्यातल्या (फ्लोट चेंबरमधल्या) पेट्रोलची. मारुतीच्या कार्बोरेटरला फ्लोट चेंबरच्या बाजूला छोटी गोल काच आहे आणि तिच्यावर मधोमध खूण. गाडी सपाट जागी, इंजिन चालू. पेट्रोल त्या खुणेच्या आसपास दिसलं पाहिजे. काच पूर्ण भरलेली दिसली तर नीडल व्हॉल्व्ह (चेंबरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी सुई) नीट बसत नाही किंवा फ्लोटमध्ये पेट्रोल शिरलंय. अशा गाडीत मिक्श्चरचं सेटिंग टिकणार नाही, आणि तुमचं पडलेलं अ‍ॅव्हरेज इथेच सापडण्याची शक्यता बरीच आहे. चोकही बघा, म्हणजे थंड इंजिन चालू करताना हवा अडवणारी पाकळी. डॅशबोर्डवरचा नॉब आत ढकलला म्हणजे चोक उघडला असं नाही. वर झाकण काढून पाकळी खरोखर उभी होते का ते डोळ्यांनी बघा. केबल सुकून अडकलेली असते आणि गाडी वर्षभर पाव चोकवर फिरत असते.

सेटिंगसाठी गाडी मोकळ्यावर घ्या, बंद शेडमध्ये नाही. बिडी-सिगरेटवाल्याला लांब बसवा, जवळ वाळूची बादली ठेवा. इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, रेडिएटरचा पंखा एकदा लागून बंद होईपर्यंत. इथे एक आपल्याकडची खोड सांगतो. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाकायचा रिवाज आहे. तसं तुमच्या गाडीत झालं असेल तर डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी इंजिन हवं तसं गरमच होत नाही, आणि त्या थंड इंजिनावर केलेलं सेटिंग दुपारी चुकीचं ठरतं. थर्मोस्टॅट परत बसवा. गाडी तापत असेल तर रेडिएटर साफ करा.

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, दिवे आणि पंखा बंद, एअर क्लीनर जागेवर. दोन स्क्रू ओळखा. एक थ्रॉटलच्या (अ‍ॅक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेच्या) लिंकला टेकलेला असतो. तो स्पीडचा, आमच्या भाषेत स्लोचा. दुसरा कार्बोरेटरच्या बुडाशी तिरपा आत गेलेला, त्याला स्प्रिंग असते, तो मिक्श्चरचा. काही गाड्यांत त्याच्यावर कंपनीचं बूच असतं. हात लावण्याआधी मिक्श्चर स्क्रू आत्ता किती फेऱ्यांवर आहे ते मोजा: हळूहळू आत फिरवत अर्धे-पाव फेरे मोजत जा, टेकला की थांबा, आकडा लिहून ठेवा आणि परत तेवढाच बाहेर काढा. टेकला म्हणजे बोटांच्या जोराने टेकला. पेचकस मुठीत धरून आवळला तर स्क्रूच्या सुईसारख्या टोकाला वळी पडते, आणि तसली सुई पुढे कधीच बारीक सेट होत नाही. जुन्या कार्बोरेटरमध्ये सुई काढून नखाने टोक चाचपून बघा. वळी नखाला लागते.

स्लोच्या स्क्रूने इंजिन ९०० आरपीएमच्या आसपास आणा. मारुतीला आरपीएमचं मीटर नाही, पण मोबाइल आहे. आवाजाची फ्रिक्वेन्सी दाखवणारं कुठलंही अ‍ॅप सायलेन्सरजवळ धरा. तीन सिलिंडरचं फोर स्ट्रोक इंजिन दर फेऱ्याला दीड ठोका देतं. ९०० आरपीएम म्हणजे सेकंदाला पंधरा फेरे, म्हणजे साडेबावीस ठोके. अ‍ॅपवर साडेबावीस हर्ट्झच्या जवळ खांब दिसला की तुम्ही जागेवर आहात.

आता मिक्श्चर स्क्रू पाव-पाव फेरा आत घ्या, दर वेळी इंजिनाला पाच-दहा सेकंद देऊन. एका जागी इंजिन अडखळायला लागेल, सायलेन्सरच्या तोंडापुढे हात धरला तर हवेचा झोत तुटक लागेल. ही लीन बाजू. तिथून बाहेर काढायला लागा. सूर वर चढेल, झोत एकसारखा होईल, आणि आणखी बाहेर काढलं की इंजिन जड होऊन लडबडायला लागेल, पेट्रोलचा उग्र वास येईल. ही रिच बाजू. दोन्हींच्या मधे जिथे आयडल सर्वात चढतं, तिथे स्क्रू आणून ठेवा. आरपीएम वाढलं असेल तर स्लोच्या स्क्रूने परत ९०० वर आणा आणि मिक्श्चर पुन्हा शोधा. दोन-तीन वेळा असं झालं की दोन्ही स्क्रू एकमेकांशी जुळतात. शेवटी मिक्श्चर अगदी किंचित आत, सूर जेमतेम उतरेल एवढाच.

बाइकचं काम केलेल्या माणसाचा इथे गोंधळ होतो. काही बाइकच्या कार्बोरेटरमध्ये तो एअर स्क्रू असतो, आत घेतला की रिच होतो. मारुतीत उलट: आत म्हणजे लीन. अ‍ॅम्बॅसेडरच्या एसयू कार्बोरेटरमध्ये तर स्क्रूच नाही, जेटच खालच्या नटाने वर-खाली होतो.

बऱ्याचदा असं होतं की स्क्रू टेकेपर्यंत आत घेतला तरी इंजिनाला काही फरकच पडत नाही. घरी काम करणारा माणूस इथे हमखास चकतो. याचा अर्थ इंजिन आयडलच्या भोकातून पेट्रोल घेतच नाहीये. स्लो जेट (आयडलचं पेट्रोल देणारा जेट) चोंदला की गाडी आयडलला बंद पडायला लागते, मग कुणीतरी स्लोचा स्क्रू आवळून थ्रॉटल जास्त उघडून ठेवतो. थ्रॉटल उघडली की तिच्या कडेच्या वरची भोकं, म्हणजे गाडी रेस करताना लागणारी, उघडी पडतात आणि पेट्रोल तिथून यायला लागतं. गाडी चालते, पण मिक्श्चर स्क्रूच्या हातात काही उरत नाही. अशा गाडीचं आयडल एक तर फार चढलेलं असतं, नाही तर फाटकावर उभी राहिली की वर-खाली झुलत राहतं. तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय हाच आहे.

किल्ली ऑन करा, इंजिन चालू करू नका, आणि कार्बोरेटरवर ज्याला वायर जोडलेली आहे त्या छोट्या सोलेनॉइडजवळ (करंटने उघडणाऱ्या व्हॉल्व्हजवळ) कान द्या. टिक असा आवाज आला पाहिजे. वायर काढून परत लावली तरी टिक यायला हवी. येत नसेल तर आयडलचं पेट्रोल तिथेच बंद आहे, मग स्क्रू कितीही फिरवा. टिक येत असेल तर स्लो जेट काढा. त्याचं भोक इतकं बारीक असतं की उघड्या डोळ्यांना ते आहे की नाही हेच कळत नाही. जेट चिमट्यात धरून सूर्याकडे करा, आरपार गोल उजेडाचा ठिपका दिसला पाहिजे. ठिपका अर्धवट किंवा धुरकट दिसला तर जेट चोंदलाय. कार्ब क्लीनरमध्ये भिजवा, कॉम्प्रेसरची हवा मारा, फार तर नायलॉन ब्रशचा एक केस घाला. सुई किंवा स्टीलची तार नाही. पितळ मऊ असतं, भोक किंचित मोठं झालं तरी ते परत लहान होत नाही. आणि चेंबर पुसायला कापूस घेऊ नका, आपल्याकडे तो हाताशी असला तरी. एक तंतू राहिला की तोच परत जेटमध्ये जाऊन बसतो.

आता उन्हाची तक्रार. चैत्र लागला की आमच्याकडे दर दुपारी कुणी ना कुणी येऊन सांगतो, "भो, गाडी ऊनमा बंद पडस, थंडी व्हयनी की लगेच चालू व्हस." मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो. पेट्रोलमधले हलके घटक ३५-४० अंशांच्या आसपासच वाफ व्हायला लागतात. गाडी चालताना नळीतून सतत ताजं पेट्रोल वाहतं, म्हणून निभतं. बंद केली की बॉनेटखालची उष्णता वर येते, फ्युएल पंप आणि नळी तापतात, आणि दहा-पंधरा मिनिटांनी सगळ्यात वाईट अवस्था येते. यात दोन अगदी उलट गोष्टी होऊ शकतात: नळीत वाफ भरून कार्बोरेटर कोरडा पडतो, किंवा फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळून गळ्यात सांडतं आणि गाडी ओव्हर होते, म्हणजे इंजिनात पेट्रोल फार जातं. दोन्हींत गाडी चालू होत नाही, पण उपाय उलटे आहेत.

ओळखायचं असं. किल्ली बंद. एअर क्लीनरचं झाकण काढा, कार्बोरेटरच्या गळ्यात बघा आणि हाताने अ‍ॅक्सिलरेटरची लिंक एकदा झटक्यात ओढा. बारीक पितळी नळीतून पेट्रोलची धार उडाली तर पेट्रोल आहे. गळा ओला आहे, वास उग्र आहे, म्हणजे ओव्हर. झाकण लावा, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून तसाच धरा, पंप करू नका, आणि स्टार्टर मारा. धार आलीच नाही तर वाफ. फ्युएल पंपावर आणि त्याच्या नळीवर ओलं फडकं टाका आणि थांबा. आपली हवा कोरडी असते म्हणून फडकं माठासारखं काम करतं, मुंबईच्या दमट हवेत एवढा गुण येत नाही. तिसरी शक्यता: धार येते, गळा ओला नाही, तरी चालू होत नाही. मग कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) गरम होऊन करंट सोडतेय, पेट्रोलकडे बघूच नका. एक गोष्ट मात्र पक्की: झाकण उघडं असताना दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगून गळ्यात वाकून बघायचं नाही. बॅकफायरचा भडका थेट तोंडावर येतो.

वाफेचा त्रास रोजचा असेल तर कार्बोरेटरखालचा जाड इन्सुलेटर जागेवर आहे का बघा. जुन्या ओव्हरहॉलमध्ये तो काढून नुसतं कागदी पॅकिंग घातलेलं मी पाहिलंय. टाकीकडे परत जाणारी नळी दबलेली किंवा बूच मारून बंद केलेली नाही ना, तेही बघा. वाफ त्याच वाटेने जाते.

नव्या पेट्रोलबद्दलही बोलायला हवं, कारण सगळी भानगड त्याचीच असं आता सगळेच म्हणतात. थोडं खरं आहे. आता पंपावर मिळणाऱ्या ई-२० पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला नऊ पट, आणि या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. १९९७ च्या कार्बोरेटरचे जेट जुन्या पेट्रोलचा हिशेब धरून कापलेले आहेत, म्हणजे तीच गाडी आता किंचित लीन चालते. इथेनॉलमध्ये उष्णताही पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्शाने कमी, तेव्हा सहा-सात टक्के अ‍ॅव्हरेज तर त्यातच जातं. तेवढं कुठल्याही सेटिंगने परत येणार नाही. आयडलपुरतं मिक्श्चर स्क्रू पाव फेरा जास्त बाहेर ठेवून भागतं. जेट मोठा टाकायचा विचार प्लगचा रंग खरंच पांढरा येत असेल तरच करा, आणि तेव्हाही तयार मोठ्या नंबरचा जेट, ड्रिल मारलेला नाही.

खरा त्रास रबराचा आहे. जुन्या नळ्या, नीडलचं रबरी टोक, पंपाचा डायफ्राम, हे इथेनॉलसाठी बनलेले नव्हते. ते फुगतात, चिकट होतात, त्यांचा चुरा जेटमध्ये जातो. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढतं, आणि महिनोन्महिने उभ्या गाडीच्या फ्लोट चेंबरच्या तळाशी पांढरी भुकटी दिसते. गाडी फक्त लग्नसराईत आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बाहेर निघत असेल तर उभी करण्याआधी फ्लोट चेंबर रिकामा करा. नळ्या इथेनॉलला चालणाऱ्याच मागा. दुकानदार साधी पाण्याची नळी पेट्रोलची म्हणून देतो.

सगळं झाल्यावर कान आणि अ‍ॅप यांच्यावर थांबू नका. पीयूसी सेंटरवर जा आणि त्याला विनंती करा की प्रोब सायलेन्सरमध्ये असताना मला स्क्रू फिरवू दे. गर्दी नसेल तर बहुतेक जण देतात. तुमच्या काळच्या, म्हणजे भारत स्टेज २ या प्रदूषणाच्या मानकांच्या आधीच्या चारचाकीला आयडलला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १५०० पीपीएम आहे. पण पास होणं हे आपलं ध्येय नाही. मी दीड ते दोन टक्क्यांच्या मधे आणतो. कार्बन मोनॉक्साइड कमी आणि हायड्रोकार्बन मात्र चढलेलं दिसलं, तर मिश्रण रिच नाही, कुठेतरी मिसिंग आहे, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेट घेत नाही; परत प्लग आणि वायरकडे.

आणि एवढं करूनही आयडल सकाळी एक, दुपारी एक असं राहिलं, तर थ्रॉटलचा शाफ्ट टोकाला धरून वर-खाली हलवून बघा. खडखड लागली तर शाफ्टच्या बाजूने हवा आत येतेय, ते घरच्या पेचकसाने होणार नाही. लेथवाल्याकडून बुश बसवून घ्या, नाही तर दुसरा कार्बोरेटर टाका. बाजारात मिळणारे नवे बहुतेक कॉपी असतात, बॉडी चांगली पण जेटचा भरवसा नाही. म्हणून जुना भंगारात देऊ नका. त्यातले जेट बऱ्याचदा नव्या बॉडीत घालायला कामी येतात.